चौराह्यावरचा कायदा आणि आपला फोन

(मंडळाच्या मासिक सभेत नागरी प्रश्न समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर. सभेत विचारल्या गेलेल्या काही प्रश्नांची उत्तरे ओघात घेतली आहेत.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन सभासदांनी समितीला विचारले की, वार्तापत्रातून आपण महापालिका, वॉर्डांची फेररचना, मतदारयाद्या, मराठी वाचनालयांचे अनुदान असे प्रश्न मांडतो. त्यात गाड्या कशा हाकाव्यात हा विषय कुठून आला? तो पोलिसांनी पाहावा. प्रश्न रास्त आहे. पण आमच्या मते इंदूरच्या रस्त्यावर कोणाला अडवायचे आणि कोणाला सोडायचे, हे ठरवणे यापेक्षा मोठे राजकारण या शहरात दुसरे नाही. महापालिकेची निवडणूक पाच वर्षांनी येते. हे राजकारण मात्र पलासिया, गीताभवन आणि महूनाक्यावर रोज सकाळी दहा वाजता सुरू होते.

आधी थोडे आकडे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. २०२३ मध्ये हा मृत्यूंचा आकडा १ लाख ७२ हजारांच्या पुढे गेला. २०२२ च्या मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण 'अतिवेग' असे नोंदले आहे. मरणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचा, शंभरात ४४ हून जास्त. त्यांच्या खालोखाल पायी चालणारे. हेल्मेट न घातलेले पन्नास हजारांवर लोक त्या एका वर्षात गेले. अपघातांच्या संख्येत आपले मध्य प्रदेश राज्य तमिळनाडूच्या मागोमाग दुसऱ्या क्रमांकावर होते. स्वच्छतेतला पहिला क्रमांक आपण अभिमानाने सांगतो, हा दुसरा क्रमांक कोणी फलकावर लावत नाही.

'अतिवेग' हा शब्द पोलिसांच्या कागदावर सोयीचा आहे, म्हणून तो सगळीकडे लिहिला जातो. प्रत्यक्षात त्याच्या पोटात बऱ्याच गोष्टी येतात. पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटून अपर-डिपर मारत राहणे. सिग्नल पिवळा होताच वेग कमी करण्याऐवजी वाढवणे. डावीकडून घुसणे. दुभाजकातल्या पुढच्या फटीपर्यंत जाण्याचा कंटाळा म्हणून दोनशे मीटर राँग साइड येणे, आणि समोरून योग्य बाजूने येणाऱ्यालाच डोळे वटारून दाखवणे. हूटर, काळ्या काचा, नंबराच्या जागी पदनाम. बुलेटचा सायलेन्सर बदलून रात्री अकरा वाजता फटाके फोडणे. चूक कोणाच्याही हातून होते, लक्ष कोणाचेही चुकते. पण आम्ही बोलतो आहोत ते चुकीबद्दल नाही. समोरचा घाबरून बाजूला होईल, या हिशेबाने मुद्दाम गाडी अंगावर घालण्याबद्दल आहे. ही दांडगाई आहे, आणि तिला मराठीत हाच शब्द बरोबर आहे.

या दांडगाईने काय मिळते, याचाही हिशेब समितीने मांडून पाहिला. राजवाड्याहून विजयनगरकडचे अंतर सहा किलोमीटर धरा. ताशी चाळीसने नऊ मिनिटे लागतात, साठने सहा. म्हणजे रस्ता पूर्ण मोकळा असला आणि एकही सिग्नल लागला नाही, तरी तीन मिनिटे वाचतात. प्रत्यक्षात ती तीन मिनिटे पुढच्या दोन लाल दिव्यांत जातात, आणि मघाशी ज्याला कट मारला तोच गृहस्थ शांतपणे शेजारी येऊन उभा राहतो. याउलट, अचानक कोणी आडवे आले तर चाळीसच्या वेगात, भान यायला एक सेकंद धरून, कोरड्या डांबरावर गाडी थांबायला सुमारे वीस मीटर लागतात. साठच्या वेगात तेच अंतर छत्तीस मीटरच्या पुढे जाते. वेग दीडपट, थांबण्याचे अंतर जवळपास दुप्पट. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा की, सरासरी वेग एक टक्का वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. तीन मिनिटांसाठी हा सौदा कोणी शहाणा व्यापारी करणार नाही. आणि इंदूर व्यापाऱ्यांचे गाव आहे.

आपल्या शहराला याची उदाहरणे बाहेरून आणायची गरज नाही. ५ जानेवारी २०१८ रोजी बायपासवर शाळेची बस दुभाजक ओलांडून ट्रकवर गेली. चार मुले आणि चालक गेले. त्यानंतर स्कूलबसच्या वेगनियंत्रकाची चर्चा काही महिने जोरात होती. १५ सप्टेंबर २०२५ च्या संध्याकाळी दारू प्यालेल्या चालकाचा ट्रक नो-एंट्रीच्या वेळेत विमानतळ रस्त्यावर शिरला आणि कालानीनगरापासून बडा गणपतीच्या बाजूला वाटेत येईल त्याला चिरडत गेला. काही अधिकारी निलंबित झाले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आमचा मुद्दा त्या चालकापुरता नाही. नो-एंट्रीच्या वेळेत एवढा मोठा ट्रक शहरात शिरला, तेव्हा त्याने पहिला माणूस उडवण्याआधी किती चौराहे ओलांडले होते? त्या प्रत्येक ठिकाणी तो थांबवता आला असता. प्राणघातक अपघाताची चौकशी शेवटच्या मिनिटाची होते. त्याआधीची मिनिटे कोणी मोजत नाही.

आता कायदा. कायदा कमी आहे म्हणून हे चालते, असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि बहुतेक दंडाच्या तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाल्या. त्यातले कलम १८४ प्रत्येकाने घरात वाचून दाखवावे असे आहे. धोकादायक गाडी चालवणे म्हणजे काय, हे त्यात नावानिशी लिहिले आहे: लाल दिवा तोडणे, थांबण्याची खूण न पाळणे, हातात मोबाईल धरणे, नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणे, वाहतुकीच्या उलट दिशेने येणे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा केले तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड. म्हणजे आपल्याकडे ज्याला 'जरा राँग साइड' म्हणतात, तो कायद्याच्या लेखी तुरुंगाचा गुन्हा आहे. कलम १८५ दारूचे: शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला तर पहिल्या खेपेस दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास दहा हजार. शिवाय कलम २१० ख मध्ये असे आहे की, हा कायदा राबवण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच तो मोडला, तर त्यांना दुप्पट दंड. विनाहेल्मेट शिपाई दिसला की हे कलम सर्वांना आठवावे, एवढ्यासाठी मुद्दाम सांगितले.

कायदा इतका कडक असूनही रस्ता का बदलला नाही? कारण २०१९ चा दंड जाहीर होताच देशभर ओरड झाली. गुजरातने त्याच महिन्यात बऱ्याच रकमा खाली आणल्या, आपल्या राज्यानेही नवे दर लगेच लागू केले नाहीत. पुढे २०२४ च्या जानेवारीत नव्या न्याय संहितेतल्या 'हिट अँड रन'च्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध ट्रकचालकांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि १ जुलै २०२४ ला ती संहिता लागू झाली तेव्हा कलम १०६ चे ते दुसरे पोटकलम बाजूलाच ठेवले गेले. ट्रकचालकांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. अपघातानंतर थांबावे तर जमाव मारतो, पळावे तर दहा वर्षे, असे त्यांचे म्हणणे होते. पण या दोन्ही प्रसंगांतून एक गोष्ट दिसते. आपल्याकडे सरकार शिक्षा मोठी करते, ती अंगावर येते, मग मागे घेते. ती रोज, थोडी थोडी, सर्वांना सारखी देण्याचे काम कोणी करत नाही.

शिक्षा किती मोठी आहे यापेक्षा ती होईलच याची खात्री किती आहे, यावर माणूस वागतो. दहा हजारांचा दंड हजारातून एकाला होत असेल तर उरलेले नऊशे नव्व्याण्णव त्याला कमनशिबी समजतात. पाचशेचा दंड दर वेळी होत असेल तर महिन्याभरात हात आपोआप ब्रेककडे जातो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात डिसेंबर १९८२ पासून पोलिसांनी कोणत्याही गाडीला, चालक प्यालेला दिसो वा न दिसो, थांबवून श्वासाची तपासणी सुरू केली आणि अपघाती मृत्यू झपाट्याने उतरले. फ्रान्समध्ये २००१ साली रस्त्यांवर आठ हजारांवर माणसे मरत होती. २००३ च्या अखेरीपासून तिथे वेग मोजणारे स्वयंचलित कॅमेरे लागत गेले, चालान थेट घरी जाऊ लागले, आणि २०१० पर्यंत आकडा चार हजारांच्या खाली आला. केवळ कॅमेऱ्यांमुळे हे झाले असे म्हणणार नाही, गाड्याही सुधारल्या होत्या. पण कॅमेरा कोणाच्या मामाला ओळखत नाही, हा त्याचा मोठा गुण.

परदेश नको असेल तर मुंबईकडे पाहावे. मुंबई वाहतूक पोलिसांनी २००७ पासून दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध नाकाबंदी लावून सतत मोहीम चालवली, लोकांना खरोखर कोठडीत जावे लागले, परवाने निलंबित झाले. आज मुंबईतल्या आपल्या नातेवाइकांकडे लग्नाच्या पार्टीला गेल्यावर तरुण मुले ड्रायव्हर ठरवतात किंवा टॅक्सीने जातात, हे अनेकांनी पाहिले असेल. ही मुले आपल्या मुलांपेक्षा जन्मतः जास्त सद्गुणी नाहीत. त्यांना नाक्यावर पोलीस उभा असेल याची खात्री वाटते, इतकेच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे गेली होती. तिथे प्रत्येक अपघाताची जागा तपासली, कठडे दुरुस्त केले, घाटात वेगाची तपासणी वाढवली, जखमींना लवकर उचलण्याची सोय केली. काही वर्षांत वार्षिक मृत्यू शंभराच्या खाली आले. एकट्या पोलिसांनी हे केले नाही आणि एकट्या प्रबोधनानेही नाही.

प्रबोधनाबद्दल आमचे मत थोडे कडवट आहे, ते सांगितलेच पाहिजे. दर जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह होतो, हल्ली महिना होतो. शाळेच्या मुलांच्या हातात फलक देतात, त्यांना उन्हात उभे करतात, गुलाबाची फुले वाटतात. फूल घेतलेला माणूस पुढच्या चौराह्यावर लाल दिवा तोडतो. यात मुलांचा काही दोष नाही. पण ज्या प्रबोधनामागे दुसऱ्या दिवशी कोणी येत नाही, ते प्रबोधन लोक करमणूक म्हणून पाहतात.

मग प्रबोधन कसे असते, हे इंदूरइतके कोणाला माहीत असावे! २०१७ पासून स्वच्छतेत आपण देशात वरचढ आहोत. हे कसे झाले ते आपल्या दारात झाले, म्हणून आठवून पाहा. आधी कचऱ्याची गाडी आली. ती रोज आली. ठरल्या वेळी आली, गाणे वाजवत आली. मग ओला-सुका वेगळा करा असे सांगायला माणसे आली. दोनदा समजावले, तिसऱ्यांदा गाडीने न वेगळा केलेला कचरा नाकारला. मग रस्त्यावर टाकणाऱ्याला जागेवर दंड. आणि शेवटी नातवंडे आजोबांना टोकू लागली. हा क्रम लक्षात घ्या: आधी सोय, मग सांगणे, मग दंड, आणि हे सगळे रोज. वाहतुकीत आपण नेमके उलटे करतो. चौराह्यावरचे पांढरे पट्टे पुसलेले असतात, सिग्नलचा दिवा झाडाच्या फांदीआड असतो, डावे वळण कुठे मोकळे आणि कुठे बंद हे कोणाला कळत नाही, आणि तिथे वर्षातून दोन आठवडे चालान कापण्याची मोहीम येते. लोकांना ती वसुली वाटते. मग ती 'टार्गेट' पुरे करायला आली आहे असे जो तो म्हणतो, आणि त्याचा राग पुढच्या चौराह्यावर पायी चालणाऱ्यावर निघतो.

बीआरटीएसचे उदाहरण ताजे आहे. २०१३ च्या मे महिन्यात एबी रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक हा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा मार्ग सुरू झाला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने तो काढायला परवानगी दिली. तो चांगला होता की वाईट, यावर आपल्या सभेतच दोन तट आहेत, आज त्यात शिरत नाही. पण जागा मोकळी झाली की ती वेगाला मिळते, पायी चालणाऱ्याला आपोआप मिळत नाही. सलग मोकळा रस्ता, ओलांडायला जागा नाही, म्हातारी माणसे दुभाजकावर अडकलेली. ज्यांना एलआयजी किंवा गीताभवनला रस्ता ओलांडावा लागतो त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल.

जुन्या सभासदांना एक गोष्ट आठवण करून द्यावीशी वाटते. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅट्रिक गेडिस हे नगररचनेचे पंडित होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इंदुरात आले. १९१८ साली त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल दरबाराला सादर झाला. त्या वेळी गावात प्लेगची दहशत होती. लोक या फिरस्त्या साहेबाकडेही संशयाने पाहत. गेडिस यांनी दिवाळीची एक मोठी मिरवणूक काढायची ठरवली, आणि जाहीर केले की, ज्या भागातली घरे आणि रस्ते सर्वांत स्वच्छ व दुरुस्त केलेले असतील, त्या भागातून मिरवणूक जाईल. गाव झाडायला लागले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा मोठा पुतळा होता, आणि सफाई कामगारांना स्वच्छ पोशाखात, फुलांनी सजवून मानाने चालवले होते. शंभर वर्षांपूर्वीचे हे प्रबोधन आजही विचार करण्याजोगे आहे. त्यात उपदेश नव्हता. लोकांना हवीशी गोष्ट, म्हणजे मिरवणूक आपल्या गल्लीतून जाण्याचा मान, हवी त्या वागण्याशी जोडली होती. आणि ज्यांच्या हातून काम होणार होते त्यांना मान दिला होता.

अलीकडचे असेच एक उदाहरण कोलंबिया देशातल्या बोगोता शहराचे. तिथले महापौर आंतानास मोकुस यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात चौराह्यांवर मूकनाट्याचे कलाकार उभे केले. झेब्रा पट्ट्यावर गाडी आणणाऱ्याची ते न बोलता नक्कल करत, आणि रस्ता ओलांडणारे हसत. लोकांना दंडापेक्षा चारचौघांत हसे होण्याची भीती जास्त वाटते, असा त्यांचा हिशेब होता. इतर उपायही सोबत होते, पण पुढच्या सात-आठ वर्षांत त्या शहरातले अपघाती मृत्यू निम्म्याहून खाली आले. आपल्याकडेही हायकोर्टाच्या चौराह्यावर नाचत वाहतूक सांभाळणाऱ्या हवालदारामुळे कित्येक वर्षे लोक आनंदाने थांबत. एकाच माणसाच्या अंगच्या कलेवर शहर चालत नाही, हे खरे. पण लोक हसून थांबतात, हे तिथे सिद्ध झाले.

१ ऑगस्ट २०२५ पासून जिल्हा प्रशासनाने 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' असा आदेश काढला. हेतू उत्तम. पण लोक शेजाऱ्याचे हेल्मेट पंपापुरते मागून घेऊ लागले, आणि एका गृहस्थाने तर दुधाच्या डब्याचे झाकण डोक्यावर ठेवून पेट्रोल भरले. ते चित्र देशभर फिरले. सगळे हसले, आम्हीही हसलो. पण त्यातून शिकायचे असे की, नियम रस्त्यावर पाळला जातो की पंपावर, हे पाहणारा माणूस पंपावरचा पोरगा असून चालत नाही. त्या बिचाऱ्याला शिव्याही खाव्या लागतात आणि अधिकारही नाही.

आता आपल्या घरांकडे येऊ. हा भाग कोणाला बोचला तर समितीचा नाइलाज आहे.

रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर, टिळकनगर या आपल्या वस्त्यांत आठवीतल्या मुलाच्या हातात अ‍ॅक्टिव्हा देणे ही सोय झाली आहे. क्लास लांब आहे, वडील ऑफिसात, आजोबांना झेपत नाही, सिटी बसचा भरवसा नाही. कारणे सगळी खरी आहेत. पण कायद्याने सोळाव्या वर्षी फक्त पन्नास सीसीपर्यंतची गिअर नसलेली गाडी चालते, आणि आपल्या स्कूटर शंभर सीसीच्या पुढच्या असतात. २०१९ च्या दुरुस्तीत आलेले कलम १९९ क सांगते की, अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जाईल: तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. गाडी बहुधा आजोबांच्या किंवा आईच्या नावावर असते. म्हणजे न्यायालयात उभे कोण राहणार, हे घरात एकदा बोलून घ्या. मुलगा चालवतो कसा, हे तो आपल्यामागे बसून शिकलेला असतो. 'चल, कोणी नाही, निघ' हे वाक्य त्याने शंभरदा ऐकलेले असते.

आणि मग फोन. आपण इथले जुने लोक. कोणाचे आजोबा दरबारात होते, कोणाचे वडील महाविद्यालयात शिकवत, त्यांचे विद्यार्थी आज अधिकारी आहेत. मंडळात प्रत्येक पक्षाचे कार्यकर्ते आहेत, आणि गणेशोत्सवाला सर्व पक्षांचे नेते आपल्या व्यासपीठावर येतात. ही ओळख आपण पिढ्यान्‌पिढ्या जपली. तिचा उपयोग शाळेसाठी, सभागृहासाठी, कोणाच्या औषधपाण्यासाठी झाला. त्याबद्दल समितीचे काही म्हणणे नाही. पण चौराह्यावर गाडी अडवली की पहिला हात खिशातल्या मोबाईलकडे जातो. 'भियाजी, आपला मुलगा आहे, जरा बघा.' तिकडून शिपायाला फोन जातो. गाडी सुटते. घरी त्याचा किस्सा होतो.

त्या शिपायाने त्या दिवशी काय पाहिले, याचा विचार करावा. ज्याने फोन केला तो सुटला. ज्याच्याकडे फोन करायला कोणी नव्हते, त्या भाजीच्या गाडीवाल्याने, ई-रिक्षावाल्याने, पालद्याहून कामाला आलेल्या मजुराने दंड भरला. दुसऱ्या दिवशी तो शिपाई मोठी गाडी अडवतच नाही. तो मोटरसायकलवाला गाठतो, कपडे पाहून गाठतो. मग आपणच म्हणतो की पोलीस गरिबांनाच धरतात. त्याला हे शिकवले कोणी? विमानतळ रस्त्यावर ज्याला अडवायला हवे होते त्याला अडवले गेले नाही. अशी न अडवण्याची सवय पोलीस दलाला एका दिवसात लागत नाही. 'जाऊ द्या, वरून फोन येईल' असे हजार प्रसंग साचून ती तयार होते, आणि त्यातले काही फोन मराठीतून झालेले आहेत.

म्हणून समितीने सभेपुढे जो ठराव ठेवला आहे, त्यातला पहिला मुद्दा पोलिसांकडे मागणीचा नाही, आपला आहे. मंडळाचा कोणताही पदाधिकारी, वाहतुकीच्या गुन्ह्यात अडकलेली गाडी किंवा माणूस सोडवण्यासाठी, कोणाही पोलीस अधिकाऱ्याला, नगरसेवकाला किंवा आमदाराला फोन करणार नाही. अन्याय झाला असे वाटले तर लेखी तक्रार करेल, न्यायालयात जाईल. तो सर्वांचा हक्क आहे. अपघातात जखमी झालेल्याला मदत करण्याबाबत ही बंदी अर्थातच नाही. उलट, जखमीला उचलणाऱ्याला पोलीस अडकवतात ही भीती आता बाळगू नये. कलम १३४ क त्याला संरक्षण देते, नाव सांगण्याचीही सक्ती नाही. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनारोकड उपचारही मिळतात. हे फारच थोड्या घरांत माहीत आहे, म्हणून सांगितले.

पोलिसांकडे आपण काय मागावे, यावर समितीत बरीच चर्चा झाली. शहरात २०२१ च्या डिसेंबरपासून आयुक्तालयाची पद्धत आहे. म्हणजे अधिकार नाहीत ही सबब आता उरलेली नाही. आमची पहिली मागणी अशी की, पंधरा दिवसांच्या मोहिमा बंद करून थोड्या, ठरावीक चौराह्यांवर वर्षभर रोज कारवाई व्हावी, आणि ती संध्याकाळी सातनंतरही व्हावी. दारू पिणारे सकाळी दहाला बाहेर पडत नाहीत. दुसरे, कारवाईचा भर राँग साइड, लाल दिवा, वेग, दारू आणि मोबाईल यांवर असावा. कागद तपासणे सोपे असते म्हणून कागदच तपासले जातात, पण विम्याचा कागद कोणाला चिरडत नाही. तिसरे, कॅमेरे. केंद्राने २०२१ च्या ऑगस्टमध्ये इलेक्ट्रॉनिक पाळतीचा नियम केला. त्यात कॅमेरा असल्याची पाटी ठळक लावण्याची आणि गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवण्याची अट आहे. तसे होते का, हे पाहावे, आणि थकलेली चालाने वसूल होतात की पडून राहतात याचा आकडा दर तीन महिन्यांनी जाहीर करावा. त्यातच सरकारी गाड्या, पोलिसांच्या गाड्या आणि लोकप्रतिनिधींच्या गाड्या किती, हे वेगळे दाखवावे. ही ओळ आम्ही आग्रहाने घातली आहे. तिच्यावरून मागणी फेटाळली गेली, तर का फेटाळली हे लोकांना आपोआप कळेल.

कोणी विचारले की, धोकादायक चालवणाऱ्याचा परवाना काढून घेता येत नाही का? येतो. कलम २०६ खाली पोलीस परवाना ताब्यात घेऊन परिवहन कार्यालयाकडे निलंबनासाठी पाठवू शकतात. दंडाचे पैसे वडील भरतात. तीन महिने गाडीशिवाय राहणे मुलाला स्वतःला भोगावे लागते. समितीच्या मते हे कलम सर्वांत उपयोगी आहे आणि सर्वांत कमी वापरले जाते.

महापालिकेकडे मागण्या साध्या आहेत: पट्टे, दिवे, फांद्या, ओलांडण्याच्या जागा. त्या प्रत्येक वस्तीच्या सभासदांनी आपापल्या चौराह्यावर उभे राहून लिहून द्यायच्या आहेत. शहरात वाहतूक स्वयंसेवकांची जी पथके आहेत, त्यांत आपले निवृत्त सभासद जायला तयार असतील तर स्वागत आहे. फक्त शिटी मिळाली म्हणून स्वतःच शिपाई होऊ नये, आणि रागावलेल्या तरुणाशी हुज्जत घालू नये. त्याचा नंबर लिहून घ्यावा.

पुढल्या महापालिका निवडणुकीत प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला आपल्या व्यासपीठावर एकच प्रश्न विचारावा, अशीही सूचना आली आहे: निवडून आल्यावर तुम्ही वाहतूक पोलिसांना सोडवणुकीचे फोन करणार का? उत्तर वार्तापत्रात जसेच्या तसे छापले जाईल. ही सूचना ठरावात घ्यावी की नाही यावर समितीत एकमत नाही. काहींना वाटते की त्याने मंडळ पक्षीय वादात ओढले जाईल. आमच्यापैकी बहुतेकांना वाटते की प्रश्न सर्वांना सारखाच विचारला तर तो पक्षीय होत नाही. निर्णय सभेचा.

ठरावाची प्रत दाराशी टेबलावर ठेवली आहे. सह्या घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने कराव्यात, फक्त कुटुंबप्रमुखाने करून चालणार नाही. म्हणून कागदावर प्रत्येक घरासाठी पाच ओळी सोडल्या आहेत. चौराह्यांची यादी लिहिण्याचे कोरे कागदही तिथेच आहेत. ते येत्या रविवारपर्यंत कार्यालयात पोचते करावेत, म्हणजे सोमवारी ती यादी महापालिका आणि पोलीस आयुक्त कार्यालयात एकाच दिवशी देता येईल.